पत्र्यातली भोकं

सायलेन्सर सुटला तो बुधवारी सकाळी, हैबतरावांच्या खाचरातून गाडी बाहेर काढताना.

रिह्याच्या खोऱ्यात पौषात आठ वाजेपर्यंत ऊन खाली उतरत नाही. भाताची खुंटं दवानं भिजलेली असतात आणि बांध दगडासारखे टणक झालेले असतात. पुढचं चाक बांधावरून उतरलं, गाडीचं पोट बांधावर टेकलं आणि खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. मग गाडी अशी ओरडायला लागली की वाघरीत, रात्री मेंढरांभोवती लावायच्या जाळीत, बसलेली सगळी मेंढरं उठून एका कोपऱ्यात गेली आणि एकमेकांवर चढायला लागली.

माझा पोरगा जालिंदर काठी घेऊन पळत आला.

"बंद करा दादा. दोन गाभण्या हायेत त्यात."

मी चावी फिरवली. जालिंदर खाली वाकून बघायला लागला. पाइपाचं एक टोक जमिनीला टेकलं होतं. दुसरं टोक मागल्या वर्षीच्या तारेवर लोंबत होतं.

"तारेनंच आवळतो," तो म्हणाला. "मागल्या साली आवळलाच व्हता की."

तो तसाच ओल्या खुंटांवर उताणा झाला आणि गाडीखाली सरकला. त्याची आई गेल्यापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. मीही तेवढंच बोलतो.

आम्ही फलटणकडचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन इकडे येतो. भात निघालेलं असतं, खाचरं मोकळी असतात. शेतकरी आपल्या रानात रात्री मेंढरं बसवून घेतात, त्यांना खत मिळतं, आम्हाला धान्य मिळतं. एका रानातून दुसऱ्या रानात असं करत उन्हाळ्यापर्यंत दिवस जातात. माझ्या बापानं हेच केलं. तेव्हा बिऱ्हाड घोडीवर असायचं आणि घोडी बायकांनी चालवायची. माझ्या बायकोनं, बायजानंही, पंचवीस-तीस वर्षं घोडी चालवली. मग तिचे गुडघे गेले. ती बसली की उठताना दोन्ही हातांनी जमीन ढकलायची. तीन वर्षांपूर्वी मी घोडी विकली आणि ही जुनी व्हॅन घेतली, ती तिच्यासाठी. चालवायला मी शिकलो. मागची बाकं काढून टाकली. तिथं भांडी, पीठ, अंथरुणं आणि त्या त्या आठवड्यात जन्मलेली कोकरं. कोकरांजवळ बायजा.

मागल्या पौषात ती त्याच गाडीत गेली.

जालिंदर खाली तार पिळत होता तेवढ्यात हैबतराव आले. कानटोपी, अंगात स्वेटर, हातात फोन.

"धुळा, शुक्रवारी दुपारपर्यंत रान मोकळं पायजे बरं का. पुण्याची पोरं येणारेत तंबूत झोपायला."

"तंबूत तर आमी बी झोपतोय, मालक."

"तुज्या तंबूचं कोण पैसं देतंय? त्यांला मेंढराचा वास चालत न्हाई. फोटो चालतोय." ते स्वतःच हसले. "दोन मेंढरं ठिव म्हणलो असतो बांधून, पण लेंड्या कोण झाडणार?"

"शुक्रवारी जातो. कासार आंबोलीला रान बघितलंय."

"आणि ही गाडी जरा गप कर. म्हातारी दचकून उठली आमची."

शुक्रवारी मेंढरं घेऊन जालिंदर चालत जाणार होता. गाडी मी नेणार होतो आणि मागं करिष्मा बसणार होती, माझी सून, सात कोकरं आणि पोरगी घेऊन. पौडला स्टँडवर करिष्माचा भाऊ येणार होता. पोरगी त्याच्याकडं द्यायची आणि आम्ही पुढं जायचं, असं ठरलं होतं.

ते माझ्या बहिणीनं ठरवलं होतं. आम्ही तिला आक्का म्हणतो. पोरगी, अपेक्षा तिचं नाव, जन्मली मागल्या पौषात सोमवारी, आजोळी. मंगळवारी इकडे बायजा गेली. मातीला आलेल्या बायकांत आक्का म्हणाली, सून बाळंतपणाला गेली नसती तर सासूला कोकरं घेऊन थंडीत बसावं लागलं नसतं, आणि पोरगी पांढऱ्या पायाची आहे, आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आजीला घेऊन गेली. एकदा बोललेलं सगळ्या पाहुण्यांत गेलं. आता वर्षश्राद्ध दहा दिवसांवर आलं होतं. आक्का म्हणाली होती, पोरगी त्या दिवशी घरात नको, आणि पुढंही दोन-चार वर्षं आजोळीच राहू द्या, जालिंदरला दुसरं मूल होईपर्यंत.

जालिंदर तिला नाही म्हणाला नव्हता. मीही म्हणालो नव्हतो. करिष्मा महिनाभर भांडली, मग थांबली. पोरगी अजून तिच्या अंगावर पीत होती.

करिष्मा चुलीजवळून उठून आली. पोरगी कडेवर होती, डोक्याला फडकं बांधलेली.

"मामा, ती तार काय टिकायची न्हाई," ती म्हणाली. "परवा पोरीला सुई द्यायला पौडला गेलो, तवापास्नंच आवाज येतोय. पोर दोनदा वकली. माजं बी डोकं धरलं व्हतं, घरी येऊस्तवर."

"ऊन लागलं असंल."

गाडीखालून जालिंदर म्हणाला, "पौषात कुटलं ऊन, दादा?"

"ताडपत्री लावली की मागं कोंडल्यागत व्हतंय," करिष्मा म्हणाली. "पर ताडपत्री काढली तर कोकरं गारठत्यात."

डोकं धरलंय. बायजानंही हेच म्हटलं होतं, मागल्या पौषात, जायच्या आदल्या आठवड्यात. दोनदा म्हटलं होतं. मी तिला म्हणालो होतो, बाम लाव.

"तार सोड," मी जालिंदरला म्हणालो. "पौडला नेतो. नीट करून आणतो."

"शुक्रवारपर्यंत चाललं असतं."

"सोड म्हणलो ना."

तो बाहेर आला. पाठ ओली झाली होती. हातातली पक्कड त्यानं माझ्या पायाजवळ टाकली आणि मेंढरांकडं गेला.

पाइप मी दोरीनं वर बांधला आणि पौडला निघालो. रस्त्यानं माणसं वळून बघत होती. मागून एक मोठी गाडी आली, तिच्यातली बाई काच खाली करून कानावर हात ठेवून माझ्याकडं बघत गेली. पौडच्या स्टँडसमोर पोरं बसली होती. त्यातला एक ओरडला, "आजोबा, इमान कुटं उतरवताय?" मी खाली बघून गाडी आत घेतली.

मोहिद्दीनचं गॅरेज स्टँडच्या मागं आहे. चार पत्रे आणि एक चिंचेचं झाड. गाडी घेतल्यापासून मी त्याच्याकडंच येतो.

"धुळाबा, तुमी घोटावड्यात व्हता तवाच मला कळलं, तुमी येताय," तो म्हणाला.

"पाइप सुटलाय. नीट करा. तार नको."

त्यानं जॅक लावला, दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवले, पोत्यावर झोपला आणि आत गेला. बराच वेळ टकटक करत होता. मी टायरवर बसून बिडी ओढली. हात गारठले होते, काडी तीनदा विझली.

"धुळाबा, हितं या."

"काय झालं?"

"या तर. झोपा माज्याशेजारी."

मी दुसरं पोतं घेऊन त्याच्या शेजारी सरकलो. गुडघा दुखला. त्यानं बॅटरीचा उजेड वर धरला. गाडीचा तळ माझ्या तोंडापासून हातभर वर होता.

"ही भोकं कुणी पाडली?"

"मी."

"कशाला?"

"कोकरं मुतत्यात. मूत साचून पत्रा सडतो. म्हणून पहारीनं पाडली. खाली निघून जातं."

तो हसला. "आजपर्यंत कुणी असं केलेलं बघितलं न्हाई." मग त्यानं उजेड भोकांच्या जवळ नेला आणि बोटानं कडा पुसली. बोट काळं झालं. "हे बघा. काजळी. सगळ्या भोकांना हाय. हा जोड कितीतरी दिवस ढिला हाय. पॅकिंग जळून गेलंय. धूर मागं जातच नव्हता, हितनंच बाहेर पडत व्हता आणि सरळ वर. वर काय हाय?"

"मागची जागा."

"मागं कोण बसतं?"

मी म्हणालो, "कोकरं." मग म्हणालो, "सून. आणि नात."

तो एकदम बाहेर सरकला. मीही निघालो. तो हात पुसत उभा राहिला. माझ्याकडं बघत नव्हता.

"हे नीट होईस्तवर कुणाला मागं बसवू नका. एक मैल बी न्हाई. ह्या धुरानं माणूस मरतं, धुळाबा. आधी डोकं दुखतं, उलटी व्हती, मग झोप येती. झोपला की संपला. आमच्या उस्तादाचा भाऊ असाच गेला. थंडी म्हणून शटर ओढून गाडी चालू ठिवून आत बसला व्हता. आमी उघडलं तर वाटलं झोपलाय. तोंड असं लाल, तांबडं, जित्या माणसाहून तांबडं. आमी त्याला उठवत बसलो."

मी परत टायरवर बसलो.

मागल्या पौषातला मंगळवार. त्या वेळी आम्ही कासार आंबोलीहून रिह्याला येत होतो. जालिंदर मेंढरांबरोबर पहाटेच पुढं गेला होता. बायजा मागं बसली, पाच कोकरं घोंगडीत घेऊन. ती म्हणाली, वारं लागतंय, कोकरं मरतील. म्हणून मी पुढच्या बाकामागं ताडपत्री बांधली, वरपासून खालपर्यंत. कडा दाबून बसवल्या. मागच्या काचा बंद होत्या. पुढची माझी काच उघडी होती, कारण मी बिडी ओढत होतो. हमरस्त्यावर कंपन्यांच्या गाड्या अडकल्या होत्या. पाऊण तास आम्ही एका जागी उभे होतो. गाडी मी बंद केली नाही. बॅटरी उतरली होती, बंद केली तर परत चालू होणार नाही अशी भीती होती. सायलेन्सर तेव्हाही वाजत होता. मीच तो तारेनं बांधला होता.

मधे एकदा ती ताडपत्रीमागून म्हणाली, "अवो, पाणी हाय का?" मी म्हणालो, "थांब, रस्ता सुटू दे." त्यानंतर ती बोलली नाही. मला वाटलं डोळा लागला.

रिह्यात येऊन मागचं दार उघडलं, तेव्हा ती पिठाच्या पोत्याला टेकून बसली होती. बरोबरच्या पाच कोकरांतली चार मांडीवर मेली होती. पाचवं दाराच्या फटीजवळ होतं, ते जगलं. दवाखान्यात नेलं तर गेलेलीच होती. चिरफाड करून कारण बघू म्हणाले. मी हात जोडले, नको म्हणालो. उजेड आहे तोवर गावाला न्यायची होती. सगळे म्हणाले थंडीनं गेली, कोकरंही थंडीनंच गेली.

आंघोळ घालताना बायका म्हणत होत्या, तोंडावर तेज बघा किती आहे. सवाशीण गेली, भाग्याची गेली. गाल लाल होते. ओठ लाल होते. मीसुद्धा बघितले. मला बरं वाटलं होतं.

"मोहिद्दीनभाई," मी म्हणालो, "आमच्या घरातली..."

"कळलं मला," तो म्हणाला. बायजाला तो ओळखत होता. गाडी दुरुस्तीला आली की ती इथंच चिंचेखाली बसून राहायची.

त्यानं चहा मागवला. चहा येऊन गार झाला. मग तो म्हणाला, "तुमाला काय ठाऊक असणार? कुणालाच ठाऊक नसतं. आता कुणाला सांगू नका. वर्ष झालं. ती माघारी येणार न्हाई आणि पोराच्या मनात तुमी कायमचं वाईट व्हाल. मी भोकं बंद करून देतो, पत्र्याची ठिगळं लावून. झालं गेलं संपलं."

"कोकरांचं मूत?"

"खाली गोणपाट टाका. पेंढा टाका. रोज काढा."

तो दिवसभर काम करत होता. पाइप नवा घातला, पॅकिंग नवं घातलं, लोंबायला दोन नवी रबरं लावली. मग मागं बसून ठिगळं जोडली. मी मोजली, सोळा भोकं होती. एकेक भोक पाडताना मी पहार कशी धरली होती ते मला आठवत होतं. बायजा शेजारी उभी राहून म्हणाली होती, "अजून एक हितं पाडा, कोपऱ्यात साचतंय."

शेवटी त्यानं गाडी चालू केली, मागच्या पाइपाला चिंधी दाबून धरली आणि जोडाला कान लावला. कुठं फुसफुस झाली नाही. मलाही ऐकायला लावलं.

मी परत आलो तेव्हा मेंढरं वाघरीत आली होती. जालिंदर गाडीत डोकावला.

"भोकं का बुजवली?"

"पत्रा सडत व्हता."

"सडू ने म्हणून तर पाडली व्हती."

मी घागर उचलून पाण्याला गेलो. पाटाचं पाणी बर्फासारखं होतं. घागर भरली तरी मी तिथंच बसून राहिलो. मोहिद्दीन म्हणाला ते खरं वाटत होतं. गाडी नीट झाली, आता कुणाला काही होणार नव्हतं. पोरगी शुक्रवारी मामाकडं जाणार होती, तिथं तिला खायला-प्यायला कमी नव्हतं. मीही तिला वर्षभरात कधी मांडीवर घेतली नव्हती. ती रांगत माझ्याकडं आली की मी उठून मेंढरांकडं जायचो.

गुरुवारी सकाळी एक मेंढी अडली. रात्रभर थंडी जास्त पडली होती, वाघरीच्या दोऱ्यांवर दव गोठल्यासारखं झालं होतं. मेंढी पाय झाडत होती आणि कोकरू आडवं आलं होतं. जालिंदरनं बाही वर सारून हात आत घातला. मी डोकं धरलं. पाऊण तास तो खटपट करत होता. त्याच्या कोपरापर्यंत रक्त आलं होतं आणि थंडीनं त्याचा जबडा वाजत होता. कोकरू निघालं. मेलेलं होतं. त्यानं त्याला पाय धरून झुलवलं, नाकात फुंकलं, छाती चोळली. काही झालं नाही.

त्या वेळी अपेक्षा रांगत वाघरीच्या जाळीपाशी आली होती. जाळी धरून उभी राहिली आणि मेंढीकडं बघून हसत होती. तिला नुकतंच उभं राहता येत होतं.

जालिंदरनं वर बघितलं.

"तिला हितं कुणी सोडली?" तो करिष्माला म्हणाला. "विणारी मेंढी दिसत न्हाई? उचल तिला."

"जाळीच्या भाईर हाय ती."

"उचल म्हणलो. आत्या म्हणती ते काय खोटं न्हाई. जिथं जाती तिथं..."

करिष्मानं पोरीला उचललं. ती रडली नाही, भांडलीही नाही. पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि उभी राहिली, एवढंच. बायजा असती तर तिनं जालिंदरच्या पाठीत लाकूड घातलं असतं.

मी मेंढीचं डोकं सोडलं.

"जालिंदर," मी म्हणालो, "तुजी आई थंडीनं न्हाई गेली."

तो माझ्याकडं बघत राहिला. हात तसेच रक्तानं भरलेले.

मी सगळं सांगितलं. मला नीट सांगता येत नाही. मधेच भोकांचं सांगितलं, मग परत ताडपत्रीचं, मग बॅटरीचं. पाण्याचंही सांगितलं, ती पाणी मागत होती ते. मोहिद्दीनच्या उस्तादाच्या भावाचं सांगितलं. मी म्हणालो, भोकं मी पाडली, तार मी बांधली, काच माझी उघडी होती. पोरीचा काही संबंध नाही. करिष्माचाही नाही.

जालिंदर उठला, वाघरीवरून पाय टाकला आणि गाडीकडं गेला. खाली बसला, मग झोपला आणि गाडीखाली सरकला. त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर दिसत होते. फार वेळ तो तिथं होता. मेंढी उठून मेलेलं कोकरू चाटायला लागली होती. करिष्मा आणि मी तिथंच उभे होतो, एकमेकांकडं न बघता.

तो बाहेर आला तेव्हा त्याची बोटं काळी झाली होती, रक्तावर काजळी. त्यानं ती कपड्याला पुसली नाहीत. तशीच समोर धरून बघत राहिला.

करिष्मा तंबूत गेली आणि फोन घेऊन आली.

"मला सांगून काय उपेग, मामा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी कवा म्हणलं माजी पोर वाईट हाय? आत्याला सांगा. ज्यांनी वरीसभर ऐकलं त्यांला सांगा."

"सांगतो. वर्षश्राद्धाला सगळी येतील तवा..."

"आत्ता."

तिनं नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. आवाज मोठा करून दिला.

आक्कानं फोन उचलला. तिच्याकडं मागं टीव्ही चालू होता. मी परत पहिल्यापासून सांगितलं. ती मधे मधे "काय? काय?" करत होती. शेवटी म्हणाली, "धुळा, तुला कुणी शिकवलं हे? सुनंनं शिकवलं व्हय?"

"कुणी न्हाई शिकवलं. मिस्त्रीनं दावलं. मी डोळ्यानं बघितलं."

"मिस्त्री काय डागदर हाय? अरे, धुरानं माणूस मरतं तर चुलीपुढं बसून मी कवाच मेली असती. बायजा थंडीनं गेली. आमी आंघूळ घातली तिला. कसली लक्षुमीवानी दिसत व्हती."

"त्या धुरानंच तशी दिसत व्हती, आक्का."

"गप बस. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलत्यात? पोर ठिवून घ्यायची म्हणून सून तुज्या डोक्यात भरवतीया आणि तू बायकुचा खून आपल्या अंगावर घेतुयास. यडा झालायस तू. एकटा राहून राहून यडा झालायस."

मी फोन धरून उभा होतो. खून हा शब्द माझ्या मनात आला नव्हता, तोपर्यंत.

जालिंदरनं माझ्या हातातून फोन घेतला. त्याच्या बोटांचं काळं फोनला लागलं.

"आत्या," तो म्हणाला, "पोर हितंच राहील."

"अरं पर वर्षश्राद्ध..."

"वर्षश्राद्धाला बी राहील. आजीचं हाय, नात नगं का? तुमाला चालत नसलं तर तुमी येऊ नका."

त्यानं फोन बंद केला. लगेच मेव्हण्याला लावला आणि शुक्रवारी येऊ नको म्हणून सांगितलं, कारण सांगितलं नाही. मग फोन करिष्माला दिला. पोरीकडं त्यानं हात केला, पण हात तसले होते म्हणून मागं घेतला. पाटावर जाऊन तो राखेनं हात घासत बसला. काजळी नखांत राहिली होती, ती शुक्रवारीही दिसत होती.

त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही. मेलेलं कोकरू मी ओढ्याच्या कडेला पुरलं. दुपारी करिष्मानं भाकरी वाढली, ती खाल्ली. संध्याकाळी मी वाघरीच्या खुंट्या तपासत होतो तेव्हा जालिंदर शेजारी येऊन उभा राहिला. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिनं किती येळा पाणी मागितलं?" त्यानं विचारलं.

"एकदाच."

तो मान हलवून गेला.

शुक्रवारी आठ वाजता बिऱ्हाड भरलं. भांडी, पीठ, अंथरुणं. कोकरांखाली पेंढा आणि गोणपाट. ताडपत्री मी घडी करून पोत्याखाली घातली होती. पोरीला घेऊन करिष्मा पुढं बसली. मी चावी खिशातून काढली तेव्हा जालिंदरनं हात पुढं केला.

"गाडी मी घेतो."

"तुला घाटाची सवय न्हाई."

"हळू नेतो. तुमी मेंढरासंगं चला."

मेंढरांमागं मी तीन वर्षांत चाललो नव्हतो. माझा उजवा गुडघा वाकत नाही, हे त्याला माहीत होतं. मी चावी दिली. त्यानं आपली काठी आणि घोंगडी मला दिली, आणि गाडीत बसला. करिष्मानं माझ्याकडं बघितलं. गाडी बांधावरून सावकाश उतरली आणि रस्त्याला लागली.

मी वाघर गुंडाळून खांद्यावर टाकली, मेंढरं उठवली. हैबतराव रानात आले होते. मागं दोन माणसं तंबूचे गठ्ठे उतरवत होती. हैबतराव लेंड्या बघत होते, किती पसरल्या आहेत ते.

"काय रे, आज तू चालत? पोरगं कुटं गेलं?"

"तो गाडी चालवतोय."

"तुजी गाडी त्याला दिलीस?"

"ती गाडी आता मी चालवणार न्हाई, मालक." मग मी त्यांना सांगितलं. आता तिसऱ्यांदा सांगत होतो म्हणून जरा नीट सांगता आलं. भोकं, ताडपत्री, पाऊण तास.

त्यांनी कानटोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. तंबूवाल्या माणसांनी गठ्ठे खाली ठेवून ऐकलं.

"अरं सोड," हैबतराव म्हणाले. "मागल्या साली थंडीच तसली व्हती. आमच्या आळीतली दोन म्हातारी माणसं गेली की. तू कशाला जीवाला लावून घेतुयास? थंडीनंच गेली ती."

"न्हाई मालक," मी म्हणालो. "माज्यामुळं गेली."

त्यांनी तंबूवाल्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मेंढरं बांध ओलांडून रस्त्याला लागली होती. मी त्यांच्या मागं चालायला लागलो.